मोगलाईत दोन कढया

लोक परदेशी जातात तेव्हा बोटीत बसतात. आम्ही छकड्यात बसलो. वाशिमकडून भल्या सकाळी निघालेलं छकडं दुपारी कनेरगावच्या नाक्यावर पोचलं आणि तिथं आमचा मुलूख संपला. अलीकडे इंग्रजी, पलीकडे निजामाची मोगलाई. तिकडचा रुपया वेगळा, कचेरीतली भाषा वेगळी, शिपायाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा वेगळी. अठ्ठेचाळीस सालानंतर सगळं एक झालं, नाका उठला, आता तिथून एसटी जाते आणि कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरींना मी सांगते की मी हिंगोलीकडे परदेश म्हणून आले, तर त्या तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. दिवसाभराच्या अंतरावर का असेना, परदेश तो परदेश, आणि तिकडे जाताना माझ्या छातीत जे धडधडत होतं ते बोटीत बसणाऱ्याच्या छातीतही तेवढंच धडधडत असेल.

आम्ही दोघी होतो. मी बावीस वर्षांची आणि माझ्या सासूबाई पंचेचाळीसच्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणत असे. दोघीही विधवा. माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. घर जमीनदाराचं, म्हणजे बायकांना जाच जास्त. आमच्यातल्या बाईनं उंबरा तीनदा ओलांडायचा: लग्नाला, बाळंतपणाला आणि तिरडीवरून. मी पहिला ओलांडला होता, दुसरा नशिबात नव्हता, तिसऱ्याची वाट बघत तांदूळ निवडत बसले होते.

कारभार होता भासऱ्यांच्या हाती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आत्याबाई ह्या माझ्या सासऱ्यांच्या दुसरेपणाच्या, त्यामुळे माझा नवरा त्यांच्या पोटचा, पण भासरे त्यांचे सावत्र लेक, आणि वयानं जेमतेम चार वर्षांनी लहान. त्या घरात मी सहा वर्षं काढली, पण भासऱ्यांशी एक अक्षर बोलले नाही. तशी रीतच होती. ते ओसरीवर आले की मी पदर नाकाखालपर्यंत ओढून आत पळायची. मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगायचे आणि भिंतीआडून मी ऐकायची. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला वाटायचं की घरातली भांडी, बैल आणि बायका जागच्या जागी असल्या म्हणजे संसार नीट चाललाय.

अशात आत्याबाईंची एक निपुत्रिक मावशी अमरावतीकडे वारली आणि जाताना आपली पुंजी आत्याबाईंच्या नावे लिहून गेली. रक्कम सांगत नाही, हसाल. शहरातल्या माणसाचं त्यात वर्षही निघालं नसतं. पण बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंच्या चहात साय दिसायला लागली. भासऱ्यांना कुणाशी तरी भागीत मोटार घ्यायची होती. सूनबाया आत्याबाईंचे पाय चेपायला लागल्या. आत्याबाईंनी पाय चेपून घेतले, साय खाल्ली, आणि पैसे हातात पडेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग एका दुपारी मी डाळ पाखडत असताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. लग्न झाल्यावर एकदा त्या नवऱ्याबरोबर औंढ्याच्या नागनाथाला गेल्या होत्या, तेवढाच त्यांचा प्रवास. पण त्या प्रवासातले बाजारभाव त्यांना अजून पाठ होते. मोगलाईत ज्वारी काय भावानं मिळते, खोलीला काय भाडं पडतं, आणि आपल्या शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयांना तिकडचे हाली रुपये शंभरावर पंधरा-सोळा जास्त कसे मिळतात, हे सगळं त्यांनी मला सुपाच्या तालावर सांगितलं. हिंगोलीच्या पेढीवर पैसे ठेवायचे, व्याजावर दोघींनी खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. माझं सूप थांबलं. आनंदानं माणसाला घाम फुटतो हे मला त्या दिवशी कळलं.

भासऱ्यांना सांगताना त्यांनी देव पुढे केला. नागनाथाजवळ राहून व्रत करायचंय, एकटीला जमणार नाही, धाकटीला नेते. देवाला नाही म्हणायची भासऱ्यांची टाप नव्हती, पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी देवघरासमोर आत्याबाईंकडून कबूल करून घेतलं: एक वर्ष. पुढच्या माघात मी स्वतः येईन. मुद्दल जसंच्या तसं असलं तर आणखी राहा. एक रुपया जरी मोडला असेल, तर दोघींनी मुकाट्यानं परत यायचं आणि मुद्दल माझ्या हाती द्यायचं. आत्याबाई हो म्हणाल्या. भिंतीआड मी ऐकत होते, आणि परत येणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मागची खोली, गोठ्याकडची खिडकी, आणि आणखी चाळीस वर्षांचे तांदूळ.

नाक्यावर आमच्या छकड्याला चारी बाजूंनी चादर बांधलेली होती, आमच्या घरच्या बायकांच्या गाडीला असते तशी. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून सामान तपासायला आला, पण चादर बघून बिचकला. परक्या पुरुषाशी आम्ही बोलणार कशा? तो गाडीवानाला विचारायचा, गाडीवान चादरीला विचारायचा, चादरीतून आत्याबाई पुटपुटायच्या, आणि तेच उलट्या वाटेनं परत जायचं. शेवटी त्या भल्या माणसाला वाटलं की आत कुणी बड्या घरची जनाना मंडळी आहेत. त्यानं हात कपाळाला लावला आणि एक गाठोडं न सोडता आम्हाला जाऊ दिलं. आत्याबाई अशा खूश झाल्या की विचारू नका. मोगलाईत पडद्याला मान आहे, असं त्या पुढे हिंगोलीपर्यंत मला चारदा म्हणाल्या.

हिंगोलीला पैसे पेढीवर ठेवले, तीन महिन्यांचं व्याज आगाऊ घेतलं आणि वसमतपर्यंत आम्ही आगगाडीत बसलो. जन्मातली पहिली आगगाडी. आत्याबाई डोळे मिटून नागनाथाचं नाव घेत होत्या आणि मी खिडकीला नाक लावून बसले होते. डोळ्यात कोळशाचा कण गेला, डोळा लाल झाला, पण मी खिडकी सोडली नाही. एकच डोळा मिटला होता, दुसरा होताच की.

वसमतहून पुन्हा छकडं, पुन्हा चादर, आणि संध्याकाळच्या सुमाराला आम्ही कुरुंद्यात शिरलो. गाव नागनाथापासून फार लांब नाही, हळदीचं आहे, बाया-बापड्या कष्टाळू आहेत आणि खोल्या स्वस्त आहेत, एवढं गाडीवानानं सांगितलेलं. आम्ही चादरीच्या फटीतून बघत होतो आणि सगळा गाव चादरीकडे बघत होता. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी पोरांना दटावलं. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं, की बघ, इथंही मान आहे.

हा मान आम्हाला महिनाभर पुरला, आणि त्यानं आमचं दिवाळं काढत आणलं. आम्हाला खोली दिली ती एका शेतकऱ्याच्या घरामागची. भाडं सांगितलं गाडीवानानं सांगितल्याच्या तिप्पट. दूध दुप्पट, सरपण दुप्पट, पाणी भरणारी बाई घागरीमागे मागेल ते. आम्ही खोलीच्या दाराला तीच चादर टांगून आत बसायचो, जो जे मागेल ते चादरीखालून बाहेर सरकवायचो आणि म्हणायचो, कुठाय ती मोगलाईतली स्वस्ताई? तीन महिन्यांचं व्याज वीस-पंचवीस दिवसांत संपत आलं. पहिल्याच महिन्यात मुद्दल मोडावं लागतं की काय, या विचारानं मी रोज रात्री उरलेले पैसे मोजायला लागले.

शेवटी घरमालकीणच आत आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं दणकट, पदर कमरेला खोचलेला. तिनं चादर एका हातानं बाजूला केली, आम्हाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी कोन्या साहेबाच्या घरच्या?"

आत्याबाई म्हणाल्या, "कोन्याच न्हाई. दोघी रांडाव बाया आहोत."

"मंग पडदा काहून?"

 पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न आत्याबाईंना कुणी विचारलाच नव्हता. घरमालकीण खाली बसली आणि तिनं आम्हाला समजावून सांगितलं, की पडद्यातली बाई म्हणजे तहसीलदाराची नाही तर मोठ्या जहागीरदाराची, असं गाव धरून चालतं, आणि साहेबाच्या घरून चार पैसे जास्त घेतले तर त्यात पाप नाही. ती स्वतःच आमच्याकडून भाडं जास्त घेत होती, तेही तिनं हसत हसत कबूल केलं. ती गेल्यावर आत्याबाईंनी चादर सोडली, धुतली, वाळवली आणि गोधडीला खालून लावून टाकली. दुसऱ्या दिवशी दूध निम्म्या भावात आलं.

आता बाजाराला स्वतः जायला हवं होतं, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्हा दोघींकडे वहाणा नाहीत. घराबाहेर पडायचंच नाही तर वहाणा कशाला? मी बावीस वर्षांची घोडी, पण पायात कधी काही घातलं नव्हतं. पहिल्या बाजाराला घरमालकिणीच्या जुन्या वहाणा घालून गेले आणि येताना माझ्या स्वतःच्या घेऊन आले. करकर वाजणाऱ्या. टाचेला फोड आले, मी लंगडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की रस्त्यात दिसेल त्या बाईला मी सांगत होते, नव्या आहेत म्हणून. बायाही थांबून बघायच्या. कुणी म्हणायचं तेल लावा, कुणी म्हणायचं एक रात्र पाण्यात भिजवा. सहा वर्षांत जेवढी माणसं माझ्याशी बोलली नव्हती तेवढी त्या एका दुपारी वहाणांवरून बोलली.

तो हळद काढायचा हंगाम होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीतून ओल्या हळदीच्या कांड्या खणून काढतात, मोठ्या लोखंडी कढईत पाणी घालून शिजवतात, वर हळदीचाच पाला झाकतात, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ घालतात. शिजलेली हळद मग पंधरा दिवस उन्हात वाळते आणि तिची हळकुंडं होतात. सगळी मेख शिजवण्यात. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग जातो आणि व्यापारी नाक मुरडतो. घरमालकिणीला माणसं कमी पडत होती. तिनं मला हाक मारली.

मी खळ्यावर गेले खरी, पण ढिगाजवळ जाऊन थबकले. चार वर्षं मी हळदीला हात लावला होता तो फक्त फोडणीपुरता. सणासुदीला कुणी हळदीकुंकवाचं ताट फिरवलं की मी आधीच उठून आत जायची, कुणी सांगायच्या आत. इथं पुरुषभर उंच ढीग होता. घरमालकिणीनं माझ्याकडे बघितलं, तिला काय ते कळलं, आणि ती कामावरून मान न उचलता म्हणाली, "बाई, हळद काय कुनाला इचारून लागत न्हाई. बसा."

मी बसले. दुपारपर्यंत कोपरापर्यंत पिवळी झाले, संध्याकाळी मानेवर, कानामागे, भुवयांत पिवळी. सवाष्णी पिवळ्या, विधवा पिवळ्या, म्हातारे बाप्ये पिवळे. घरी आले तेव्हा आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त पाणी तापवलं.

महिनाभरात मला शिजवण्याची नस सापडली. कढईत तुरीची काडी खुपसून बघतात, ती कांडीतून आरपार गेली की झालं, असं घरमालकीण शिकवायची. पण मला काडीच्या आधी वास कळायचा. कच्ची हळद मातकट वास मारते, मग वाफेला तिखटसर दरवळ येतो, आणि एका क्षणी तो दरवळ गोड होतो. त्याच क्षणी चुलीतला जाळ बाहेर ओढायचा. पहिल्यांदा मी शिजली म्हणून ओरडले तेव्हा सगळे हसले. घरमालकिणीनं काडी घातली, ती आरपार गेली, आणि मग कुणी हसलं नाही. त्यानंतर शेजारची माणसंही मला बोलवायला लागली. माझं नाक तोवर फक्त पदराची हद्द दाखवायच्या कामाचं होतं. ते इतकं गुणी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

गावात तसली मोठी कढई एकच होती, एका बड्या शेतकऱ्याची. त्याचं स्वतःचं झालं की मग बाकीच्यांची पाळी. काढलेली हळद ढिगात पडून राहायची, कोमेजायची, बुरसायची, आणि बाया ढिगाशेजारी बसून पाळीची वाट बघायच्या. आत्याबाई दुपारी खळ्यावर येऊन बसायला लागल्या होत्या.  एकदा म्हणाल्या, की कापसाला वाट बघवते, हळदीला बघवत नाही.

पुढचे सहा-सात महिने म्हणजे माझ्या आयुष्यातली दिवाळी. पडदा गेल्यावर स्वस्ताई खरंच भेटली. व्याजात आमचं भागायचं, वर चार आणे उरायचे. ज्वारीची भाकरी, चुक्याची भाजी, बाजारच्या दिवशी भजी. शिरड शहापूरला कुणाच्या लग्नाला आम्ही पायी गेलो आणि पायी आलो. विहिरीवर मी पोहणं शिकले, हे आत्याबाईंना माहीत नव्हतं, आणि त्यांनी चोरून विडी ओढून बघितली, हे मला माहीत होतं. फक्त माघाला किती दिवस उरले ते मी बोटांवर मोजत असायची. मुद्दल शाबूत आहे ना, असं मी त्यांना अधूनमधून विचारायची. आहे, त्या म्हणायच्या.

दसऱ्यानंतर त्या व्याज आणायला म्हणून हिंगोलीला गेल्या. दोन दिवसांत येणार होत्या, आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. नवव्या दिवशी वसमतकडून दोन बैलगाड्या आल्या. एकीवर आत्याबाई बसल्या होत्या, आणि दोन्हींवर एकेक कढई, इतकी मोठी की आत माणूस आडवा झोपेल. नांदेडला घडवून घेतलेल्या, काळ्याकुळकुळीत, नव्या लोखंडाच्या वासाच्या. गाव जमला. घरमालकिणीनं कढईवर नारळ फोडला. मी आत्याबाईंना बाजूला घेऊन विचारलं, पैसे कुठून आले.

"मुद्दल मोडलं," त्या म्हणाल्या.

मला ब्रह्मांड आठवलं. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, सुनेच्या तोंडी ते शोभत नाही. देवासमोर शब्द दिला होता. माघाला तीन महिने उरले होते. तुम्हाला त्या घरी सवय आहे, तुम्ही जाल, पण मला आता तिथं जगता येणार नाही, असं मी म्हणाले आणि तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या निवांत होत्या. खळ्याशेजारी त्यांनी दोन लांब चुली खणून घेतल्या, पऱ्हाट्या रचून ठेवल्या. चौथ्या दिवशी मी बोलले, कारण चुलीचं तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला काढलं होतं आणि ते बघून मला राहवेना.

हंगाम सुरू झाला तशी माणसं यायला लागली. कढईचं भाडं आणि शिजवणीचं काही, असं ठरलं. मी पहाटेपासून एका कढईवरून दुसरीवर धावायची. मनातल्या मनात हिशेब चालू असायचा: मुद्दल भरून निघायला असे दोन हंगाम लागतील, आणि भासरे तर आठ-पंधरा दिवसांत येणार. मी आत्याबाईंना विनवलं, की पेढीची जुनी चिठ्ठी दाखवा, मुद्दल आहे म्हणा. एक वर्ष निभावेल. त्यांनी पुढच्या कढईसाठी पऱ्हाट्या मोजायला घेतल्या.

भासरे आले ते सकाळी, आत्याबाईंनी पत्रानं कळवलेल्या पत्त्यावर. मी पहिल्या कढईच्या काठाशी उभी होते, पदर खोचलेला, हातात काडी, केसांपासून नखांपर्यंत पिवळी. खळ्याच्या वाटेनं कोट, फेटा आणि हातात काठी असा गृहस्थ येताना दिसला आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. पण हाताला वाफेची चिकट हळद होती आणि कढईतला वास आता बदलेल, मग बदलेल असा झाला होता. हात तसाच राहिला. भासरे सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी अगदी सभ्यपणे मला विचारलं, "बाई, वाशिमकडच्या दोघी इथं कुठं राहतात?"

सहा वर्षं मी त्यांचं अन्न शिजवलं होतं. त्यांनी माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. मला इतकं हसू आलं, आणि इतका रागही आला, की मी नुसतीच हातातली काडी लिंबाखाली बसलेल्या आत्याबाईंकडे केली.

आत्याबाईंनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली. ते मुद्द्यावर आले, की मुद्दल कुठाय. मी कान तिकडे आणि नाक इकडे ठेवून उभी होते. मला वाटलं, आता तरी ही बाई चिठ्ठी काढेल. आत्याबाईंनी हात लांब करून दोन्ही कढया दाखवल्या आणि म्हणाल्या, "मोडलं. समदं. एक रुपया बी ठेवला न्हाई."

भासरे उठून उभे राहिले. मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी मला निरोप दिला. भिंत नव्हती, म्हणून लिंबाच्या झाडाला दिला. "तिला म्हणावं, कपडे बांध. दुपारची गाडी गाठायची आहे."

आणि मी बोलले. कसं ते मला आजही सांगता येणार नाही. "कढई जाळावर हाय, भाऊजी. हळद शिजल्याबिगर मला हलता येत न्हाई."

भासरे वळले. जिला वाट विचारली ती हीच, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. एखाद्या चुकून परक्या घरात शिरलेल्या माणसासारखे ते उभे होते, आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, की शर्त मी मोडली, कबूल आहे. मुद्दल तुमचं, हे समोर आहे, गाड्या आणा आणि घेऊन जा. भासऱ्यांनी कढईभोवती फेरी मारली. कापसाच्या मुलखात ही दोन धुडं नेऊन करायचं काय? गाडीभाडं, नाक्यावरचा कर, आणि तिकडे गिऱ्हाईक नाही. वर दोन बायका पोसायच्या त्या फुकट. हे सगळं गणित त्यांच्या कपाळावर मांडलेलं दिसत होतं. घरमालकीणही तिथंच होती. कढईत तिचीच हळद होती, आणि ती अर्धी कच्ची उतरवली तर भरपाई कोण देणार, असं तिनं त्यांना मोठ्या आदरानं विचारलं.

शेवटी ते म्हणाले, "गावात मी काय सांगू?" हे मात्र त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"सांगा, पैसा बी बुडाला अन बाया बी बुडाल्या," आत्याबाई म्हणाल्या.

ते जेवून गेले नाहीत, पण शिव्या देऊनही गेले नाहीत. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. ती रागाची होती की निरोपाची, मला कळलं नाही. वळणावर फेटा दिसेनासा झाला. वास गोड झाला होता. मी जाळ ओढला, हळद उपसली, आणि मग आत्याबाईंसमोर जाऊन बसले. थोडं खोटं बोलला असता तर चाललं नसतं का, असं मी त्यांना विचारलं. 

"मुद्दल हाय म्हटलं असतं, तर तो पुढच्या माघात बी आला असता," त्या म्हणाल्या. "अन त्याच्या पुढच्या बी. पैसा हाय तवर आपल्याले न्यायले कोनीतरी येतच राह्यलं असतं. आता कोनी येत न्हाई."

म्हणजे कढया घेतल्या तेव्हाच हे त्यांच्या मनात होतं. वर्षभर मी जे जिवापाड जपा म्हणत होते, तोच आमच्या गळ्यातला दोर होता, आणि तो त्यांनी नांदेडच्या लोहाराकडे नेऊन कापला होता. मी विचारलं, की स्वतःची सगळी पुंजी अशी लोखंडात घालताना भीती नाही वाटली? उद्या हळद पिकली नाही तर?

त्या हातातली कांडी सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याएवढी होते, तवा मी बी त्या घरात वाट पाहत बसली होती. कोनीतरी येईन अन मले इथून घेऊन जाईन. भाऊ येईन, मावशी येईन. वीस वर्षं पाह्यली. कोनी आलं न्हाई. मंग तू आली त्या घरात अन तुझं बी कपाळ पांढरं झालं. तू त्या गोठ्याकडच्या खिडकीत बसाची, अन मले समजे, तू काय पाहून राहिली ते. म्हटलं, हिच्यासाठी तरी कोनीतरी आलं पायजे."

मी तिथंच, खळ्यावर, चार बायांच्या देखत मोठमोठ्यानं रडले, आणि आत्याबाईंनी मला गप्प केलं नाही.